शार्कची डावी बाजू

ग्लेन हॅनरहनवर मी सूड उगवला आणि उगवताना मला जाम मजा आली, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की नेवेना फार साळसूद मुलगी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट लिंकनहून बोटी नेपच्यून बेटांकडे जातात. तिथे पाहुण्यांना पिंजऱ्यात घालून पाण्यात सोडतात, ट्यूना माशाचं मुंडकं दोराला बांधून फेकतात, आणि पांढरी शार्क आली की सगळे पाण्याखाली किंचाळतात. ग्लेनच्या बोटीवर हा दोर अकरा वर्षं माझ्या आईच्या, म्हणजे रुझा बारिचच्या हातात होता. शार्क झेपावली की मुंडकं पिंजऱ्यापासून लांब ओढायचं, हा नियम. जवळ आणलं तर ती पिंजऱ्यावरच आदळते. पण जवळ आणलं तर फोटो झकास येतात, आणि ग्लेनला झकास फोटो फार आवडतात.

चौदा मार्चला एक धिप्पाड मादी पिंजऱ्यावर आदळली. एका पाहुण्याचा हात मोडला. बरोबर ११ वाजून ४२ मिनिटांनी. चौकशीत ती वेळ इतक्यांदा उच्चारली गेली की गावात पाठ झाली.

"दोर रुझाकडे होता," ग्लेन म्हणाला. "बाईमाणूस, घाबरली बिचारी."

'बिचारी'! माझी आई! आई सांगत होती की दोर त्याने स्वतःच तिच्या हातून घेतला. पण डेकवर तेव्हा हे दोघंच. बाकीचे पिंजऱ्यात, नाहीतर आत बादलीत तोंड खुपसून ओकत होते. आईची नोकरी गेली. ती सार्डिन मासळीच्या कारखान्यात लागली. बोटीवर वापरायचा आपला कॅमेरा तिने, त्यातले फोटोही न बघता, कपाटात फेकला आणि म्हणाली, "नेव, विषय संपला."

माझा नव्हता संपला.

जूनमध्ये ग्लेनने नवी शार्क सापडल्याचा गाजावाजा केला आणि तिला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं, ब्रॉन्टी. ही ब्रॉन्टी माझ्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी ती शार्कचं चित्र आणि स्वतःचं नाव छापलेला टीशर्ट घालून आली. मला म्हणते, "तुझ्या आईला पण देऊ का एक? कारखान्यात मळला तरी चालेल."

मी हसले. खरंच हसले. कारण ग्लेनने टीशर्ट छापायची घाई केली होती.

आमच्याकडे शार्कांची एक मोठी वही आहे. ऑजर्सबाई, आमच्या शाळेतल्या निवृत्त जीवशास्त्राच्या बाई, ती सांभाळतात. सगळ्या बोटी त्यांना फोटो देतात. कल्ल्यांजवळचे ठिपके दोन्ही बाजूंना वेगळे असतात, म्हणून डावी आणि उजवी, दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. आणि ज्याचा फोटो सगळ्यांत जुना, नाव ठेवायचा मान त्याचा. ग्लेनकडे फक्त उजवी बाजू होती. बाईंनी तो फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं : डावी बाजू कुणाकडे आहे का?

फोटोतल्या शार्कच्या पाठीवरच्या पराला तीन खाचा, त्याखाली अर्धचंद्रासारखा तुकडा गायब. तो पर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मी घरी जाऊन कपाटातला कॅमेरा काढला. दोर हातात नसेल तेव्हा आई लांब काठीला कॅमेरा लावून दोन्ही हातांनी पाण्यात धरायची, ऑजर्सबाईंसाठीच. शेवटचा फोटो उघडला आणि मी अक्षरशः नाचले.

तीन खाचा, अर्धचंद्र आणि अख्खी डावी बाजू. आणि तिच्या जबड्यापुढे, पिंजऱ्याच्या गजांना चिकटलेलं ट्यूनाचं मुंडकं.

पाच आठवडे मी कुणाला, अगदी आईलाही, एक अक्षर बोलले नाही. ग्लेनने आणखी टीशर्ट छापले. छाप, बाबा, छाप.

ऑगस्टमध्ये वाचनालयात नावं पक्की करायची दुपार आली. आईला मी ओढत नेलं. ग्लेन पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता.

"डावी बाजू मिळाली का कुणाला?" बाईंनी विचारलं.

"मिळेल हो," ग्लेन म्हणाला. "तोवर नाव लिहून टाका. ब्रॉन्टीच आहे ती."

"माझ्याकडे आहे," मी उभी राहिले. आवाज जरासुद्धा थरथरला नाही, शपथ!

फोटो पडद्यावर आला. बाईंनी दोन्ही पर शेजारी लावले, खाचा मोजल्या. "तीच आहे ही! कुणी काढला?"

"माझ्या आईने. काठी दोन्ही हातांनी धरून."

"कधी?"

"कोपऱ्यात आहे बघा, बाई. चौदा मार्च. ११ वाजून ४२ मिनिटं."

सगळ्यांच्या माना ग्लेनकडे वळल्या. मग मागून म्हाताऱ्या तोमिस्लावने, ज्याने जन्मभर ट्यूना पकडले, खाकरून विचारलं, "काय रे ग्लेन, रुझाच्या हातात जर काठी होती, तर दोर कोणी धरला होता? शार्कने?"

सगळे फिस्सकन हसले आणि लगेच थांबले. ग्लेनचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. "घड्याळ चुकलं असेल," तो पुटपुटला.

"आणि हे मुंडकं?" बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हेही चुकून गजांना चिकटलं?"

आई पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने इतक्या जोरात माझा हात दाबला की हाडं वाजली.

"नाव काय ठेवायचं, रुझा? मान तुझा आहे," बाई म्हणाल्या.

आईने तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, "रुझा!"

चौकशी पुन्हा उघडली. निकाल लागेपर्यंत बोट चालू आहे. पण मला वाट बघायची गरजच नव्हती, कारण सप्टेंबरमध्ये आमच्या वर्गाची सहल निघाली, ती ग्लेनच्याच बोटीवर. मी पिंजऱ्यात उतरले नाही. मी डेकवर उभी राहिले, भोंग्याच्या अगदी खाली.

दहाच्या सुमारास तीन खाचांचा पर पाणी कापत आला. आलेल्या शार्कचं वहीतलं नाव पाहुण्यांना सांगावंच लागतं. ब्रॉन्टी पाण्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत बसली. तिचं मला वाईट वाटलं. थोडंसंच.

वरच्या केबिनमधल्या ग्लेनचा आवाज भोंग्यातून खरखरला. "डावीकडे... रुझा."

"ग्लेन, ऐकूच नाही आलं!" मी वर तोंड करून ओरडले. "जरा मोठ्याने सांगा ना!"