नवव्या पातळीचा तिसरा नियम

निळ्या पत्त्याचा उजवा वरचा कोपरा झिजला होता. रंग जाऊन कागदाची पांढरी कड साधारण तीन मिलिमीटर आत आली होती आणि पापुद्रे सुटायला लागले होते. माझ्या नोंदीप्रमाणे हा पत्ता बेचाळीस खेळांत एकदाही खेळला गेला नव्हता.

"पुन्हा खलास," भावजी टेबलावर तळवा आपटत म्हणाले. "मेहुणीबाई, तुमच्या त्या प्राण्याला घरी कोणी जेवायला घालत नाही का? सदान्कदा आमच्याच अंगावर."

"तुम्हीच त्याला लाडावून ठेवलंय," ताई म्हणाली. "आल्या आल्या तेल ओतता."

"तुझा दिवा विझत होता म्हणून ओतलं."

"विझत होता ते मला दिसत होतं."

मी पत्ता गड्डीत सरकवला आणि नोंदवहीत लिहिलं: बुधवार, खेळ बेचाळीस, हार.

आमचा खेळ एकमेकांविरुद्ध खेळायचा नाही. तीन प्रवासी एका लांबलचक भुयारातून चाललेले असतात. प्रत्येकाकडे एक दिवा, आणि मागे उजेड खाणारा एक प्राणी. जिंकलो तर तिघेही जिंकतो. एकाचा दिवा विझला की तिघेही हरतो. पेटीत सहा पातळ्या येतात आणि सराईत लोक त्या दोन महिन्यांत संपवतात. मग कंपनीला पत्रं येतात, आणखी अवघड काहीतरी द्या. ते अवघड काहीतरी मी करते. अठरा वर्षं हेच करते आहे. कंपनीत मला अवघडबाई म्हणतात, आणि माझी त्याला हरकत नाही.

या कामात मी एकच गोष्ट शिकले. प्राण्याला आणखी दोन दात दिले की खेळ अवघड होत नाही, नुसता लांबतो. खेळ अवघड करायचा तर खेळणारा ज्यावर नकळत भिस्त ठेवून असतो, ते काढून घ्यावं लागतं. सातव्या पातळीत मी गड्डीत किती पत्ते उरले हे लपवलं. आठवीत एकमेकांना हातातले पत्ते सांगायला बंदी घातली. नववीत प्रत्येकाला सुरुवातीलाच एक 'निरोप' दिला. हा पत्ता खेळणारा आपला दिवा स्वतः विझवतो, उरलेलं तेल इतरांना देतो आणि भुयारातच राहतो. बाकीचे दोघे पुढे जातात. ते बाहेर पडले तर खेळ तिघांनी जिंकला असं धरायचं.

त्याला मी तिसरा नियम जोडला होता: निरोप खेळण्यास इतर सर्वांची संमती हवी.

तीन प्रवाशांपैकी ताई कायम वैद्यीण व्हायची. वैद्यिणीचे पत्ते निळे. तिचा डावा हात तीन शस्त्रक्रियांनंतर कोपरापासून सुजलेला असायचा, म्हणून भावजींनी तिला पत्ते उभे करायला खाचांची लाकडी पट्टी करून दिली होती. त्यांनी तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं होतं. खाचा इतक्या नेमक्या होत्या की पत्ता हलत नसे, पण उचलताना उजव्या हाताच्या चिमटीत वरचा कोपरा धरूनच ओढावा लागे.

म्हणजे कोपरा झिजतो तो पत्ता उचलल्याने. त्या रात्री मी तेलाचे पत्ते, वाटेचे पत्ते, सगळे दिव्याखाली धरून पाहिले. रोज वापरातला एकही पत्ता इतका झिजला नव्हता. माझा निरोप आणि भावजींचा निरोप कालच छापल्यासारखे होते. ताई आपला निरोप उचलत होती आणि परत खाचेत ठेवत होती. चार महिने. मी तिच्या समोर दोन फुटांवर बसून नोंदी करत होते.

गुरुवारी कंपनीत बैठक होती. आम्ही सगळे मिळून सहा जण, त्यामुळे बैठक म्हणजे सरांच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढायच्या.

"नववीत जिंकण्याचं प्रमाण?" सरांनी विचारलं.

"बेचाळीसमध्ये चार."

"अगं, ही पातळी आहे की शिक्षा?"

"रोगापेक्षा औषध जालीम," आमचा चित्रकार म्हणाला. त्याने प्राण्याची एकशे दहा चित्रं काढली होती आणि पातळ्या वाढल्या की त्याला आणखी काढावी लागायची.

"संगणकावर दहा हजार खेळ चालवले," मी म्हटलं. "निरोप वेळेवर खेळला तर निम्मे खेळ जिंकता येतात."

"मग माणसं खेळत का नाहीत?"

"एकोणतीस वेळा कुणीतरी नुसता तोंडी सुचवला. एकदाही संमती मिळाली नाही. इतर दोघे आपलं तेल त्याला देतात, मग तिघांचंही कमी पडतं."

"आणि संगणकाला संमती मिळते?"

"संगणकाला नातेवाईक नसतात, सर."

चित्रकार हसला. सर हसले नाहीत. त्यांनी नियमांचा कागद जवळ ओढला. "ही संमतीची भानगड घातली कुणी?"

"मी."

"का?"

मी म्हटलं, कुणी खेळाला कंटाळून उगाच निघून जाऊ नये म्हणून. कागदावर ते बरोबर वाटत होतं. सर म्हणाले, "सोमवारी छापायला जायचंय. एक तर ही पातळी काढ, नाहीतर खेळता येईल अशी कर." आणि खुर्च्या परत जागेवर गेल्या.

ताईचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. पाच वर्षं दोन महिने. हातातली शीर दोनदा बंद पडली, मग गळ्याजवळ नळी घातली. त्या नळीतून दोनदा जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या वेळी ती अकरा दिवस शुद्धीत नव्हती. आता डॉक्टर मांडीतून नळी घालू म्हणत होते. "किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, पण दुसरी वाट नाही. सोमवारपर्यंत कळवा," असं ते भावजींना म्हणाले होते. ताई शेजारीच चाकाच्या खुर्चीत बसलेली होती. भावजी म्हणाले, "कळवायचं काय त्यात, करायचंच," आणि मी मान डोलावली.

त्या गुरुवारी मी कंपनीतून थेट डायलिसिसच्या विभागात गेले. ताईचे अडीच तास झाले होते, दीड उरला होता. भावजी खाली औषधांच्या रांगेत होते. यंत्राचा आवाज एका लयीत चालू होता. ताईचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. जिभेने ओठ ओले करत होती. तिला दिवसाला साडेसातशे मिलिलिटर पाण्याची मुभा. त्यासाठी मी प्रयोगशाळेतलं मोजपात्र आणून दिलं होतं, आणि भावजी त्यातून डोळ्यांसमोर धरून, रेघेला रेघ लावून पाणी काढायचे.

आठ महिन्यांपूर्वी इथेच, याच यंत्राशेजारी, ती म्हणाली होती, "छोटे, मला आता बास झालंय."

"या महिन्याचा रिपोर्ट येऊ दे," मी म्हटलं होतं.

तो रिपोर्ट आला. मग ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, नवीन औषध सुरू झालंय, त्याला सहा आठवडे दे. मग म्हटलं, थंडी सरू दे. मोजून सहा वेळा. भावजींना तर तिने सांगायला तोंड उघडलं की ते उठून काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचे. खिडकीच्या बिजागऱ्या, पलंगाचा पाय. त्या घरात आता एकही वस्तू करकरत नाही. गेल्या चार महिन्यांत ती काही बोललीच नाही. मला वाटलं, सावरली.

"ताई," मी म्हटलं, "तुझा एक पत्ता झिजलाय."

तिने डोळे उघडले नाहीत. "हो का?"

"खेळली का नाहीस?"

"खेळून काय? तुझा नियम आहे ना. विचारावं लागतं." मग म्हणाली, "माझ्या पिशवीत तुझा तो अभिप्रायाचा कागद आहे. भरलाय. घेऊन जा."

खेळून पाहणाऱ्यांना आम्ही एक छापील कागद देतो. कुठला नियम समजला नाही, कुठे कंटाळा आला, असे प्रश्न असतात. ताईने सगळ्यांपुढे 'ठीक' लिहिलं होतं. तिसऱ्या नियमावर मात्र पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती, आणि बाजूला तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'जाणाऱ्याने फक्त सांगायचं. बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं. एवढं जमलं तरी खूप अवघड आहे.'

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. भावजी औषधं घेऊन वर आले. "काय गप्पा चालल्यात बहिणी-बहिणींच्या?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ताईच्या पायावरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

शनिवारी रात्री मी तिसरा नियम नव्याने लिहिला. दोन वाक्यं. लिहायला चार मिनिटं लागली असतील.

रविवारी दुपारी आम्ही नेहमीसारखे बसलो. खिडकीतून टेबलाच्या निम्म्या भागावर ऊन आलं होतं. ताईचे पाय फार सुजले होते, ते स्टुलावर उशीवर ठेवले होते. मी पत्ते वाटले.

"तिसरा नियम बदललाय," मी म्हटलं आणि वाचून दाखवला. "निरोप खेळणाऱ्याला कुणाची संमती लागत नाही. तो सांगत असताना इतरांनी बोलायचं नाही."

"असं कसं?" भावजी म्हणाले. "मग तिघांनी मिळून खेळायचं कशाला? एकेकटेच जा की भुयारात."

"खेळून बघू या," ताई म्हणाली.

खेळ वाईट चालला होता. सातव्या फेरीत प्राणी दोन घरांवर आला. ताईच्या दिव्यात एक तेल उरलं. भावजींचा हात सवयीने स्वतःच्या तेलाकडे गेला.

ताईने चिमटीत निळा पत्ता धरला. या वेळी मी पाहत होते. तिने तो खाचेतून ओढला, क्षणभर वर धरला, आणि टेबलावर उन्हात ठेवला.

"अगं, थांब, थांब," भावजी म्हणाले. "माझ्याकडे तीन आहेत. दोन तू घे. पुढच्या फेरीला वाट उघडली तर..."

"भावजी," मी म्हटलं. "मध्ये बोलायचं नाही."

"अहो, पण मी फक्त..."

"नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पत्त्याकडे. बहुधा तेव्हाच त्यांना तो कोपरा दिसला. सुताराचा डोळा, लाकूड कुठे घासलं जातं ते त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी बोट पुढे करून त्या पापुद्र्यांवरून फिरवलं. मग तेलाकडे गेलेला हात मागे घेतला.

"छोटे, मला पेलाभर पाणी दे," ताई म्हणाली. "त्या नळकांड्यातून नको. पेल्यात."

मी उठले. मोजपात्र ओट्यावर होतं, पालथं घातलेलं. मी पेला नळाखाली धरला आणि काठापर्यंत भरला. सुमारे अडीचशे असेल. आणताना थोडं माझ्या मनगटावर सांडलं.

ताईने पेला दोन्ही हातांत धरला, सुजलेल्या हातानेसुद्धा. सावकाश निम्मा प्यायली. भावजींचे ओठ हलत होते. ते घोट मोजत असावेत. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी आपला हात काढून घेतला नाही.

ताईने पेला पत्त्याशेजारी ठेवला. दिव्याच्या सोंगट्या, तेल, प्राणी, कशाकडेही ती पाहत नव्हती. ती भावजींकडे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांना नळी नको म्हणून सांगा. मंगळवारपासून मी डायलिसिसला जाणार नाही."