नकाशावरची मोकळी जागा

सगुण परब मांडावर नाचता नाचता पडला, तेव्हा त्याची बायको पार्वती बायकांच्या घोळक्यात उभी होती. होळीनंतरचा शिगमा होता, ऊन अजून उतरलं नव्हतं. तालगड्यांची रांग वळण घेत होती आणि सगुण रांगेच्या तोंडाशी होता, कारण गावात त्याच्याइतका तालाचा पक्का माणूस दुसरा नव्हता. त्याने एक गिरकी घेतली, दुसरी अर्ध्यावर राहिली. लोकांना आधी वाटलं, हाही नाचाचाच काही प्रकार. ढोल थोडा वेळ तसाच वाजत राहिला. मग त्याचा थोरला भाऊ शंभू धावत पुढे झाला, खाली वाकला, आणि वाकलेल्या स्थितीतच त्याने हात वर केला. तेव्हा कुठे ढोल थांबला.

शंभू गावचा मांडगुरू होता. मांड म्हणजे बांधकाम काही नव्हे. वडाखालची शेणाने सारवलेली मातीची जागा, मध्ये दिवा ठेवायला एक दगड. पण गावाने नमन म्हणायचं, ताल धरायचा, काला करायचा तो तिथेच. एरवीही तिथे कोणी चप्पल घालून पाय ठेवत नसे. मांड कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे ठरवायचा मान शंभूच्या घराण्याचा. त्या संध्याकाळी भावाला अग्नी देऊन आल्यावर त्याने मांड मोडला. देवाने कौल दिल्याशिवाय इथे ताल वाजणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

पुढच्या फाल्गुनात त्याने देवळात कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार. ती डावीकडून पडली. त्याच्या पुढच्या वर्षीही डावीकडूनच. मग शंभूने कौल लावणंच सोडलं. मांडावर गवत उगवलं. पोरंबाळं तिथून जाताना पाय उचलायची, आणि दिवेलागणीनंतर मोठी माणसंही पाणंदीने वळसा घालून जायची.

पार्वतीचं घर मांडाला लागून. वळसा घालायची सोय तिला नव्हती. सगुण गेल्याच्या पावसाळ्यात, एका उघडिपीच्या दिवशी, ती जनेलाशी, खिडकीजवळ, बसून तांदूळ निवडत होती तेव्हा तिने पहिल्यांदा ऐकलं. पायातल्या चाळांचा आवाज. सावकाश, जसा माणूस रांग सुरू व्हायच्या आधी पाय मोकळे करतो तसा. ती बाहेर गेली. वडाखाली ओलं गवत, दुसरं काही नाही. ती आत आली आणि पुन्हा सुपाशी बसली, तेव्हा आवाज पुन्हा सुरू झाला.

तिने कोणाला सांगितलं नाही. एकटी बाई, मूल नाही, नवरा तसा गेलेला. लोक काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं. आवाज रोज येत नसे. पण यायचा तो कलत्या दुपारी, आणि ती हातातलं काम थांबवून बसून राहायची. भीती पहिल्या पावसाळ्यातच संपली. मग नुसतं ऐकणं उरलं.

अशी वर्षं गेली. गोव्याला घटकराज्य मिळालं. त्याच्या आधी भाषेवरून गावात दोन तट पडले होते. घरात कोकणी बोलणारी आणि मांडावर मराठीत गाणारी तीच माणसं चहाच्या दुकानात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली होती. शंभू एका बाकावर, पंचायतीतला बाबुराव दुसऱ्या. ते वाद निवळतात न निवळतात तोच तालुक्याचा नवा विकास आराखडा आला. पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. शेती हिरवी, वस्ती पिवळी, समुद्राकडची पट्टी वेगळ्या रंगाची. वडाच्या जागी पिवळ्या रंगात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मोकळी जागा, बांधकामायोग्य.

जमीन कागदोपत्री भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. तो वास्कोला राहायचा, गावात कधी फिरकत नसे. मांद्र्याच्या किनाऱ्यावर परदेशी माणसं येऊ लागली होती आणि बाबुरावाने भाटकाराला हॉटेलवाला गाठून दिला होता. बाबुराव वाईट माणूस नव्हता. गावातल्या पोरांना काम मिळेल असं त्याला खरंच वाटत होतं.

"शंभूदा," तो पंचायतीत म्हणाला, "मांड आसा म्हणतां. ताल वाजलो कधी शेवटचो? आता थंय भूत नाचता म्हणान पोरां सांगतत. भुताक हॉटेल चलात."

कोणी हसलं नाही. शंभूने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो उठून गेला. पण दुसऱ्या दिवशी तो पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये चढला आणि कचेरीत हरकत देऊन आला.

हरकत आली म्हणून पाहणीला एक मुलगी आली. शुभांगी तिचं नाव, नगरनियोजनात नव्याने लागलेली, गाव डिचोली तालुक्यातलं. तिने शंभूबरोबर मांडाभोवती फेरी मारली. आत पाऊल टाकायच्या आधी तिने न सांगता चपला काढल्या, हे शंभूच्या नजरेतून सुटलं नाही. मग ती पार्वतीच्या ओसरीवर बसली. पार्वतीने चहा आणि सकाळचा उंडो पाव पुढे ठेवला.

"आराखड्यात एक सोय आहे," शुभांगी म्हणाली. "गावाची नाचगाण्याची जागा असेल तर ती सांस्कृतिक वापरासाठी राखून ठेवता येते. मग मालक कोणीही असो, तिथे बांधता येत नाही. फक्त ती वापरात असली पाहिजे. पूर्वी होती एवढ्याने भागत नाही. माझे साहेब सुनावणीत तेच विचारणार."

"वापरात नाही," शंभू म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "माझो भाव गेलो तेव्हापासून बंद आसा."

शुभांगीने चहाचा कप खाली ठेवला. "बंद कसा? मघापासून ऐकतेय मी. तालीम चालली आहे ना मागे? चाळ वाजतायत."

मागे वडावर ऊन होतं. शंभूचा चेहरा राखेसारखा झाला. पार्वती मात्र एकदम खाली बसली, जणू कोणीतरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं.

"बाय," ती शुभांगीला म्हणाली, "तुका खराच ऐकू इलां?"

"आता थांबलं," शुभांगी म्हणाली, आणि दोघांचे चेहरे बघून तिच्या लक्षात आलं की मागे कोणी नाही. तिने सामान आवरलं. पण जाताना ती अंगणात थबकली. "मावशी, आमच्या गावचा मांड खाणीच्या मातीच्या ढिगाखाली गेला," ती म्हणाली. "तेव्हा नकाशावर त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. माझे वडील आजही त्या ढिगाकडे तोंड करून बसतात. काय ऐकतात, कधी सांगत नाहीत. तुम्ही काहीतरी करा."

ती गेल्यावर शंभू ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. पार्वतीने त्याला पाणी दिलं.

"भावोजी, तुमकां पण ऐकू येता," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

शंभूने मान हलवली. "पयल्या वर्सापासून. म्हणान मी हय सांजचो येणां नाय. तो माझेर रागावलोसा. त्याका बरां नव्हतां त्या दिसा, छातीत दुखता म्हणत होतो. मी म्हटलां, म्होरक्याशिवाय रांग कशी चलतली."

हे पार्वतीला ठाऊक होतं. त्या सकाळी ती स्वयंपाकघरात होती आणि भिंत कुडाची होती. शंभूने कधीतरी सांगावं म्हणून तिने बरीच वर्षं वाट पाहिली होती, आणि आता त्याने सांगितलं तेव्हा तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

"रागावलेलो माणूस नाचणां नाय, भावोजी," ती म्हणाली. "इतकीं वर्सां मी ऐकतंय. तो पाय मोकळे करता. रांगेची वाट बघता."

शंभूने पाण्याचं भांडं पायरीवर ठेवलं. नंतर त्याने विचारलं, "तू कधी बोललंय नाय ता?"

"तुमी विचारलात कधी?"

फाल्गुन लागला. काजूच्या बोंडांचा आंबूस वास गावभर पसरला होता. शंभूने देवळात पुन्हा कौल लावला. बातमी पसरली आणि दोन्ही बाकांवरची माणसं आली. बाबुरावही आला, मागे खांबाशी उभा राहिला. गुरवाने ओली पाकळी मूर्तीच्या छातीवर लावली. शंभूने गाऱ्हाणं घातलं. पाकळी हलली नाही. लोक उभे राहिले, मग बसले. समया पुन्हा भरल्या. पाकळी वाळली, तिच्या कडा वळल्या, पण ती ना उजवीकडे गेली ना डावीकडे.

"देव बोलत नाय," गुरव हळूच म्हणाला. "आज रवांदे."

लोक उठू लागले. शंभू हात जोडून तसाच उभा होता. तेव्हा बायकांच्या बाजूने पार्वती बोलली. देवळात ती मोठ्याने कधी बोलली नव्हती.

"देव नाका म्हणाक नाय," ती म्हणाली. "गप रवलो. म्हणजे ह्या आमीच ठरवूचां, असां माका दिसता."

शंभूने वळून तिच्याकडे पाहिलं. बाहेर पडला तो सरळ मांडावर गेला आणि गुडघ्यांवर बसून हातांनी गवत उपटायला लागला. थोड्या वेळाने तालगडी म्हणून वाढलेले, आता केस पिकलेले दोघे-तिघे आले. मग त्यांची मुलं. बाबुराव बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याने चपला काढल्या.

शिगम्याच्या दिवशी मांड उघडला. शुभांगी आपल्या साहेबांना घेऊन आली होती. त्यांच्यासाठी कोणीतरी घरातून खुर्ची आणली, पण ते बसले नाहीत. पुरुष ओळीने उभे राहिले, हात जोडले, नमन म्हटलं. इतक्या वर्षांनी आवाज जुळेना. एकाचा सूर वर, एकाचा खाली. ढोलावर थाप पडली तशी रांग सरकायला लागली.

पार्वतीने पाहिलं, रांगेच्या तोंडाशी एका माणसाची जागा रिकामी होती. शंभूने कोणाला तसं सांगितलं नव्हतं. पुढे कोण उभा राहणार हे विचारायचं प्रत्येकाने टाळलं होतं आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस पुढे न सरकता आपल्या दुसऱ्या जागीच उभा होता. पण रांग वळताना ज्या तऱ्हेने ते त्या मोकळ्या जागेला वाट देत होते, ज्या तऱ्हेने दुसरा माणूस पाऊल आखडून थांबत होता आणि मग पुढे जात होता, ते बघून बायका गप्प झाल्या. पोरांच्या पायांत नवे चाळ होते, त्यांचा गलका झाला होता. त्या गलक्यात एक आवाज पार्वतीला वेगळा काढता येत होता. तो पुढे होता. ताल चुकत नव्हता. वळणावर आला, एक गिरकी झाली, मग दुसरी पुरी झाली, आणि रांग त्याच्यामागून वळली.

तिच्या शेजारी शुभांगी उभी होती. तिने पार्वतीचा दंड घट्ट धरला होता.

साहेबांनी सुनावणीत फार वेळ घेतला नाही. जागा वापरात आहे, हे आपण स्वतः पाहिलं, असं ते म्हणाले. हॉटेलवाल्याच्या वकिलाने विचारलं की वर्षानुवर्षं बंद असलेली जागा एका दिवसाच्या नाचाने चालू कशी होते. त्यावर बाबुराव उठला, आणि तो काय बोलणार म्हणून शंभूने डोळे मिटले. बाबुराव म्हणाला, "बंद होती ती आमची चूक. जाग्याची नाय." पावसाळ्यानंतर अंतिम आराखडा आला. वडाभोवती वेगळ्या रंगाचा एक लहानसा चौकोन होता. हॉटेल पुढे समुद्राच्या बाजूला झालं, आणि गावातली काही पोरं तिथे कामाला लागली.

मांड राहिला. पण त्या शिगम्यानंतर पार्वतीला काही ऐकू आलं नाही. आधी तिला वाटलं, नाचून दमला असेल. आषाढ गेला, श्रावण गेला. कलत्या दुपारी ती जनेलाशी बसायची आणि पानांवरून पाणी निथळल्याचा तेवढा आवाज यायचा. एकदा शंभू आला. आता तो कुठल्याही वेळी येत असे, चेहऱ्यावरून दहा वर्षं उतरल्यासारखा दिसे.

"सुटलो तो," तो म्हणाला. "माका आता झोप लागता."

"तुमचो भाव सुटलो," पार्वती म्हणाली. "माझो घोव गेलो."

शंभू उठला आणि निघून गेला. पार्वतीने त्याच्याशी भांडण धरलं नाही, पण पुढच्या शिगम्याला ती मांडावर गेली नाही. तिने मागचं दार लावून घेतलं आणि माजघरात बसून राहिली. बोलावायला आलेल्या बायकांना तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं. ढोल भिंतीतून आत येत होता, त्याला अडवायला तिच्याकडे काही नव्हतं. कुणीतरी तरुण आता रांगेच्या पुढे उभा होता. त्याच्या पायांवरून तिला कळत होतं की तो घाई करतो, वळणाच्या आधीच गिरकी सोडतो. ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, सावकाश रे.

त्याच्या पुढच्या वर्षी ती मांडावर गेली, आणि त्या तरुण म्होरक्याला 'सावकाश रे' असं तोंडावर सांगितलं.