पंपाच्या पोटातल्या दोन गोळ्या

शेजारचा थोरला भाऊ सकाळी गोठ्यात गेला तर खुंटीवरचा फवारणीचा पंप गायब. तो सापडला धाकट्या भावजयीच्या अंगणात, पोत्यावर पसरलेला. टाकी एकीकडे, दांडा दुसरीकडे, नळ्या तिसरीकडे. मग काय विचारता! मी कुंपणाच्या अलीकडे भांडी घासत होते, ती तशीच टाकून उभी राहिले. या दीर-भावजयीचं भांडण मी कधी चुकवत नाही.

"माझ्या नव्या पंपाची आतडी काढलीस?" थोरला गरजला. "कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर दिला असता का, भाऊजी?"

"मेलो असतो तरी दिला नसता!"

"मग विचारायचं कशाला?"

खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं. वाटण्या झाल्यापासून या माणसाने तिला साधं खुरपंसुद्धा दिलं नव्हतं. तिचा नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. इकडे कोबीला अळी लागलेली. पानांची चाळण झाली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर गड्डे जनावरांपुढे टाकायची वेळ आली असती. तिचा जुना पंप वर्षभर रुसलेला. दांडा कितीही हलवा, पाणी वर चढायचं आणि परत टाकीत यायचं. दुकानदार म्हणाला, हा टाका, नवा घ्या. त्याचं काय जातंय म्हणायला!

"ऐका तरी," ती म्हणाली. हातात वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या होत्या. "ही खालची. दांडा वर गेला की ही उचलते, पाणी आत येतं. दांडा खाली आला की ही भोक बंद करते, मग पाण्याला वरच्या गोळीला ढकलून नळीत जावंच लागतं. माझ्या पंपात खालची गोळीच नाही. गेल्या वर्षी दुकानदाराने साफ करायला खोलला, तेव्हाच हरवली असणार."

"मला शाळा शिकवू नकोस!"

"थांबा, जोडून देते."

"हात लावशील तर बघ!" थोरल्याने सगळे भाग पोत्यात कोंबले, गोळ्या तिच्या हातातून हिसकावल्या आणि तणतणत निघून गेला.

धाकटीने घरातले जुने छर्रे शोधले. दोन लहान पडले. तिसरा, जळक्या मोटारीच्या बेअरिंगमधला, बरोबर बसला. साधं पाणी भरून तिने दांडा मारला आणि नळीतून असा फवारा उडाला की माझी वाळत घातलेली साडी भिजली. मी शिव्या दिल्या, पण हसत. ऊन चढायच्या आत तिचे चार वाफे फवारून झाले.

तिकडे थोरला घामाघूम. गोळ्या बसायच्या दोन घरांपैकी खालच्या घराची त्याला आठवणच राहिली नाही, दोन्ही गोळ्या त्याने वर कोंबल्या. पाणी काही नळीत जाईना. अळी तर त्याच्याही कोबीवर होती, तिला वाटण्या कुठे कळतात!

दुपारी तो आला. पंप तिच्यापुढे आदळला.

धाकटीने पंपाला हातही लावला नाही. पोतं अंथरलं. "बसा. खोला."

"तूच खोल ना."

"हात लावू नकोस म्हणालात. मी सांगते, तुम्ही करा."

माझ्या देखत तो बसला. गुडघे मोडून, दात खाऊन, पण बसला. ती उभी राहून सांगत होती, "वरच्या घरातली एक काढा. आता ही खाली. अहो, खाली म्हणजे तळाशी! आटे वाकडे नेऊ नका." अर्ध्या तासाने दांडा मारला आणि फवारा उडाला. माझ्या तोंडून "आलं!" निघून गेलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाकून भांडं शोधायला लागले.

पंप खांद्याला मारून थोरला कुंपणापर्यंत गेला आणि वळला.

"उद्यापासून गोठ्याला कुलूप घालणार आहे मी. समजलं?"

"घाला की, भाऊजी," धाकटी म्हणाली. "कुलूप आतून कसं असतं, ते अजून बघायचंच राहिलंय माझं."