पाव्हण्याले कुठी बसवू?

मी बूटलोडर बोलतोय. नाव ऐकून चपलांच्या दुकानाकडे बघू नका, पायताणाशी माझं काही नातं नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो तो मी. आत दोन बिऱ्हाडं असली तर 'कोणाला बोलावू?' म्हणून विचारतो आणि ज्याचं नाव घ्याल त्याला उठवतो. काम एवढंच. पण दाराशी बसणाराच बिघडला, तर आत किती का भरलेलं असेना, बाहेरच्याच्या काय कामाचं? तसं माझ्या हातून घडलंय, म्हणून हे बोलणं.

माझा जन्म कारंजा घाडगेजवळच्या एका खेड्यात, रक्षाच्या घरी, गेल्या श्रावणातला. रक्षा आर्वीला कॉलेजात जाते. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं. बटण दाबून ती चहा ठेवायची, पिऊन कप विसळायची, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. कॉलेजच्या लॅबमधला धीरज तिला म्हणाला, "विंडोजच्या जागी लिनक्स टाक. जुन्या मशिनीवर मस्त पळते." त्यानेच ते पेनड्राइव्हमध्ये भरूनही दिलं.

विंडोज मात्र तिला पुसायचं नव्हतं. त्या जुन्या डिस्कमध्ये तिच्या बाबाचा आवाज होता.

जंगू हा तिचा बाबा. जन्मभर जंगलात मजुरी केली आणि जन्मभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला. त्या खर्र्याने शेवटी गळा खाल्ला. ऑपरेशन ठरलं, आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रक्षाने अकरा दिवस त्याला मोबाइलपुढे बोलतं ठेवलं. झाडांची नावं, मोहफुलं वेचायच्या गोष्टी, अर्धं गोंडीत, अर्धं वऱ्हाडीत, आणि मधूनच "रक्षे, चाय आण वो" अशी हाक. सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं. मोबाइल पुढे विहिरीत पडला. आवाज उरला तो त्या एका डिस्कवर.

म्हणून तिने नव्या बिऱ्हाडाला वेगळं घर पाहिलं. तिचा भाऊ कुंदन ट्रक चालवतो. त्याची पिक्चर साठवायची पोर्टेबल डिस्क तिने मागून घेतली, अर्धी रिकामी केली आणि लिनक्स तिच्यात टाकायला बसली. जुन्या डिस्कला धक्का नको, हा हेतू. सगळं सुरळीत चाललं आणि शेवटी पडद्यावर प्रश्न आला: बूटलोडर कोणत्या डिस्कवर बसवायचा? खाली दोन नावं. वर जुनी डिस्क, खाली कुंदनची.

रक्षा अडली. धीरजचा फोन लागेना. जंगू बाजूला खाटेवर बसला होता. तिने गमतीत त्यालाच विचारलं, "बाबा, पाव्हण्याले कुठी बसवू?"

जंगू उठला आणि त्याने जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर पंजा ठेवला. चांगला दाबून ठेवला.

"इथीच? बरं," असं म्हणून रक्षाने वरचं नाव निवडलं.

असा मी बसलो. त्या जागी विंडोजचा जुना राखणदार होता, त्याला पुसून बसलो. जागा तरी केवढी, चिमूटभर. माझं डोकं तेवढं तिथे मावलं. बाकीचा मी, नावांची यादी, विचारपूस करायची रीत, सगळं कुंदनच्या डिस्कवर. डोकं एका घरी आणि धड दुसऱ्या घरी. दोन्ही डिस्का जोडलेल्या होत्या तोवर कोणाला काही कळलं नाही, मलाही नाही.

ते दिवस फार चांगले गेले. दुपारी घरात कोणी नसलं की जंगू यायचा. वाचायची त्याला सवय नव्हती, पण खालचा बाण दोनदा आणि मग एंटर, हे त्याने पाठ केलं होतं. मी विंडोजला उठवायचो. जंगू आपलाच आवाज ऐकत बसायचा आणि स्वतःच्याच विनोदावर खांदे हलवून हसायचा. मला वाटायचं, माझ्यासारखा भाग्यवान मीच.

दिवाळी करून कुंदन गाडीवर परत निघाला आणि डिस्क खिशात घालून गेला. त्याचीच होती, तो कोणाला विचारणार?

त्या दुपारी जंगूने बटण दाबलं. मी जागा झालो, माझं धड शोधलं, सापडेना. अशा वेळी मला एकच वाक्य येतं: असं उपकरण नाही. ते काळ्या पडद्यावर लिहिलं आणि थांबलो. जंगूने खालचा बाण दोनदा दाबला, मग एंटर. मी एक नवी रिकामी ओळ पुढे केली. पुन्हा बाण, पुन्हा एंटर. वीसेक वेळा तरी झालं असेल. त्याला बोलता येत नव्हतं आणि मलाही. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

दोन दिवसांनी रक्षाला कुंदनचा फोन लागला. तो म्हणाला, "मले काय मालूम तुहं त्याच्यात काय होतं! पुरी साफ करून पिच्चर भरले ना मी." म्हणजे माझं धड कायमचं गेलं.

मग रक्षा आणि जंगू कॉम्प्युटर घेऊन कारंज्यात पियुषच्या दुरुस्तीच्या दुकानात आले. त्याने पडदा पाहिला न पाहिला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते ताई. अर्ध्या घंट्यात नवा कोरा करून देतो." गुन्हा माझा आणि पुसणार जंगूचा आवाज. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

जंगू पुढे झाला आणि त्याने डब्यावर पंजा ठेवला. तस्साच, दाबून.

रक्षा त्या हाताकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तू हेच सांगून राह्यला होता का? याले हात लावू नको म्हणून?"

जंगूने 'हो' म्हणून मान हलवली. रक्षा त्या दुकानातच रडली. पियुष बिचारा स्टूल पुसून "बसा ना ताई" म्हणत राहिला.

धीरजला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "काही फॉरमॅट करू नको. आतमधी सगळं साबूत आहे. दाराशी बसलेला तेवढा बदल." त्याने विंडोजची सीडी दिली आणि कागदावर एक ओळ लिहून दिली. ती टाइप केली की जुना राखणदार आपल्या जागी येतो आणि मी पुसला जातो.

आज ती ओळ पडद्यावर आहे. रक्षाने कागदाशी तीनदा ताडून पाहिली. पण बोट एंटरवर नुसतं टेकलंय, पुढे जात नाही. एकदा असंच दाबून तिने काय झालं ते पाहिलंय. जंगूचा पंजा डब्यावर आहे.

"बाबा," ती म्हणते, "दाबू?"

जंगू पडद्याकडे बघतो. मग डब्यावरून हात उचलतो.

घाबरू नको पोरी. त्याचा आवाज मी नीट सांभाळलाय, एका अक्षरालाही धक्का लागू दिला नाही. आता तो या घरात पुन्हा वाजेल, तुला चहा मागेल. मी ऐकायला नसेन, हे वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण चार महिने तुमच्या दाराशी बसलो, तुमची बोली थोडी मलाही आली. तीत एकच सांगतो. लय बसलो वो रक्षे. आता मले उठव.