पहिली आठ अक्षरं

त्याने वही खिडकीच्या उजेडात धरली. एस, मग के, मग कंस, पुन्हा एस, शेवटी क्यू. पानंच्या पानं असलीच सुटी इंग्रजी अक्षरं. हस्ताक्षर बायकोचं, अर्थ मात्र शून्य. न्हाणीघरातला नळ बंद झाला, तशी त्याने वही तिच्या पिशवीत होती तशी सरकवली.

जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. लाइन बंद आहे असं कुणी शपथेवर सांगितलं, तरी टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावत नसे. बिल्डिंगमध्ये त्याला टेस्टरच म्हणत. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात उरली ती बायको.

चार महिने ती रोज दुपारी दोनला बाहेर पडत होती. विचारलं की म्हणे, "वाचनालयात." पेपर वाचता वाचता डुलकी काढणारी बाई वाचनालयात जाते, हे त्याच्या गळी उतरेना. त्या दिवशी तो अंतर ठेवून मागे गेला.

ती खरंच वाचनालयात शिरली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी दोन जाडजूड पुस्तकं उघडून बसली. तो कपाटाआड उभा राहिला. कोण येतंय ते बघायचं होतं. अर्धा तास झाला, कुणी आलं नाही.

"बसा आता," मान वर न करता ती म्हणाली. "गुडघे धरतील."

तो ओशाळून समोर बसला. "हे काय चाललंय?"

"आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचा कॉम्प्युटर ज्यावर चालायचा ना, ती भाषा आहे. जुनी. हल्ली कुणी शिकवत नाही, पण ही दोन पुस्तकं नावाजलेली आहेत. एस म्हणजे ठेव, के म्हणजे पुसून टाक."

"या वयात? कशाला?"

तिने पिशवीतून पिवळ्या कागदांचा गठ्ठा काढला. हॉस्पिटलातले रद्दी कागद. लेकीला गणितं करायला ती घरी आणायची. एका बाजूला लेकीचे भागाकार, दुसऱ्या बाजूला लॅबच्या कॉम्प्युटरचा छापलेला प्रोग्राम.

त्याने वरचा कागद उलटून पाहिला. अकरा वर्षांपूर्वी ती त्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. एका सकाळी दोन सख्ख्या जावा तपासणीला आल्या आणि त्यांचे रिपोर्ट उलटसुलट झाले. थोरलीला दाखल करायला हवं होतं, तिला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. ठपका टाइप करणारीवर आला. त्यानेच तेव्हा म्हटलं होतं, "झालं असेल काहीतरी इकडचं तिकडे. माफी लिहून दे, विषय संपव." मजकूरही त्यानेच सांगितला. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

"इथे बघा," तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा प्रोग्राम नावाची पहिली आठ अक्षरंच जुळवतो. आडनाव आधी, तेही लांबलचक. दोघी त्याच्या लेखी एकच. मी बरोबर टाइप केलं तरी तो रिपोर्ट दुसरीच्या नावावर टाकणार."

"पुस्तकात चुकीचं असलं तर?"

"म्हणून तर दुसरं वाचलं."

त्याने घसा खाकरला. "म्हणजे तुझी चूक नव्हतीच."

"मी माझी चूक शोधायलाच बसले होते. तीन महिने तेच शोधलं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तूच चुकलीस असं."

"ते माहीत होतं मला," ती म्हणाली आणि कागद नीट लावू लागली. "लॅबमध्ये अजून हाच प्रोग्राम आहे. काल फोन करून विचारलं. उद्या जाऊन सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी तो बरोबर गेला. लॅबच्या दाराशी त्याने विचारलं, "मी बोलू का?"

"नको. तुम्ही बसा."

तो बाकावर बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून एक तरुण आवाज तुटकपणे म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटंच आहेत हं." मग तिचा आवाज येऊ लागला, संथ, एकेका ओळीवर थांबत. तो तरुण मध्येच काहीतरी विचारायचा, ती उत्तर द्यायची. हळूहळू त्याचे प्रश्न थांबले. थोड्या वेळाने आत कुणीतरी खुर्ची ओढली, आणि तो आवाज म्हणाला, "बसा ना, बाई. पुन्हा पहिल्यापासून सांगा."