हिरवं पाणी कुणाचं

आमच्या खाडीतल्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला सरकारने बंदी घातली. पाण्यात मैला सापडला होता. तो कुठून येतो हे कळेपर्यंत चिखलात कुणी पाऊल टाकायचं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या टोकाला थंडी तोंडावर आलेली, आणि आम्हाला तिसऱ्या खणण्यापलीकडे काहीही येत नव्हतं.

तपासायला सरकारी खात्याच्या मॅरिएटाबाई आल्या. किनाऱ्यावरच्या प्रत्येक संडासात हिरवा रंग ओतायचा, भसाभस पाणी सोडायचं आणि ओहोटीला खाली येऊन हिरवं पाणी कुठून निघतं ते बघायचं. आम्ही खडकावर बसून शेजाऱ्यांच्या गटारांकडे डोळे लावले. चर्चमध्ये कधी एवढं मन लागलं नव्हतं.

एकामागून एक घर स्वच्छ निघालं. लोक एकमेकांच्या स्वच्छतेवर चिडायला लागले.

"थर्लो, तुझं तरी गळायचं होतं रे!" माझा मामा अल्टन ओरडला. "एरवी तुझ्या घरात धड काय असतं?"

"मी मैल्याची नवी टाकी बसवलीय!"

"दळभद्र्या, ऐन वेळी सुधारलास."

शेवटी मामाचंच घर उरलं. "आमच्या आजोबांनी केलेलं काम आहे," तो छाती पुढे काढून म्हणाला. रंग ओतला. जरा वेळाने त्याच्या बांधाखालच्या गवतातून एक हिरवी रेघ निघाली आणि चिखलावरून सरळ तिसऱ्यांकडे गेली. खडकावर टाळ्या पडल्या. मग हळूहळू थांबल्या.

आजोबांनी टाकी बांधलीच नव्हती. नुसता पाइप सोडला होता.

"आता बांधू की," मी म्हणालो.

"खाली सगळा कातळ," बाई म्हणाल्या. "पाणी मुरायला मातीच नाही. इथे परवानगी मिळणार नाही."

मामाने टोपी काढली. "आणि घरात कुणी राहिलंच नाही तर?"

"मग काही वाहणारही नाही. पाणी पुन्हा तपासून खाडी उघडता येईल."

कुणी 'नको' म्हणालं नाही. मीही नाही. घरी माझी पोरं रोज उकडलेले बीन्स खात होती.

"अरे, निदान खोटं खोटं तरी 'नको' म्हणा!" मामा म्हणाला.

"नको, अल्टन," थर्लो म्हणाला. म्हणताना तो खणायच्या काट्याचा गंज खरवडत होता.

मामा आत गेला. रागावला असेल, असं आम्हाला वाटलं. तो खुर्ची घेऊन बाहेर आला, ती गवतात ठेवली.

"पलंग जड आहे," तो म्हणाला. "दोघं तरी या."

आम्ही सगळेच उठलो.