फोटो व्हयी गया

शिरपूरहून सातपुड्याच्या बाजूला निघालं की कापसाच्या रानात एक गाव लागतं. तिथल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काचेची पेटी आहे आणि सरकारी योजनांचे कागद तिच्यात डकवलेले असतात. अक्षर मुंगीएवढं, भाषा कोर्टकचेरीची, वर काचेला कुलूप. आता खरं सांगा, असला कागद तुम्हीआम्ही तरी कधी थांबून वाचला आहे का? गावातली तरणी पोरं त्या पेटीला पाठ टेकून बसत आणि दिवसभर मोबाइलमध्ये चित्रं बघत. त्यांच्या कामाची गोष्ट त्यांच्या पाठीशीच होती, पण मान वळवणार कोण!

याच गावात शाळेतला पोषण आहार शिजवणारी कमलबाई राहत होती. नवरा वना शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मुलगी कामिनी बारावी होऊन घरात बसलेली. कमलबाई म्हणजे संशयाचं गाठोडं. गॅसची टाकी आली तरी ती आधी उचलून बघायची आणि मग आणणाऱ्याकडे बघायची. फोनवर कुणी गोड बोललं की लगेच फोन बंद. पण तिचा सगळ्यात मोठा राग फोटोवर होता. लग्नाकार्यातसुद्धा कॅमेरा दिसला की बाई खांबाआड जायची. लोक हसत, पण कशामुळे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मागे एकदा कुठल्याशा संस्थेची गाडी गावात आली होती. शिलाई मशीन वाटायची म्हणून बायकांना देवळापुढे गोळा केलं. कमलबाईचा हात मशीनच्या चाकावर ठेवला, "हसा की ताई" म्हणून तिला हसवलं, फोटो काढला, आणि तेच मशीन सरकवून कुंदाबाईपुढे ठेवलं. तिलाही हसवलं. मग गाडी गेली आणि मशीनही गाडीतच गेलं. पुढे कमलबाई मशीनसाठी खरोखरचा अर्ज द्यायला तालुक्याला गेली, तर समोरच्या माणसाने तिचाच हसरा फोटो तिला दाखवला. मिळालंय की तुम्हाला, म्हणाला.

तेव्हापासून गावात एक बोलणंच पडून गेलं. कुणाच्या वाट्याचं परस्पर खाल्लं गेलं की लोक म्हणत, "तिना फोटो व्हयी गया." फोटो झाला, म्हणजे विषय संपला, आता मागायला जाऊ नको.

तर अशा या गावात शेजारची लताबाई एक दिवस मोबाइल नाचवत कमलबाईच्या ओट्यावर आली.

"कमल, तुनी कामिनीना फोटो व्हयी गया ना व!"

कमलबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. मोबाइलमध्ये कामिनी होती. अंगात पांढरा कोट, गळ्यात दवाखान्यातली नळी, मागे गाणं वाजतंय आणि पोर तोंडभर हसत सांगतेय की धुळ्याला रुग्णसेवेचं शिक्षण मिळतं, राहणं-खाणं सरकारी, फी काही नाही. लताबाईला कौतुक वाटत होतं, बिचारीच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण कमलबाईला फक्त कोट दिसला आणि हसणं दिसलं. अगदी अस्संच आपल्यालाही हसवलं होतं!

कामिनी घरी आली तेव्हा आईने तिला उंबऱ्यातच अडवलं. पोरीने सगळं सरळ सांगितलं. शिरपूरला सुलक्षणा मॅडम म्हणून आहेत, तरुणांना योजनांची माहिती द्यायचं काम त्यांच्याकडे आहे. कागद कुणी वाचत नाही म्हणून त्या पोरापोरींनाच घेऊन छोटे व्हिडिओ करतात. कोट त्यांनी आणलेला. आणि हे शिक्षण आपल्यालाही घ्यायचंय, अर्ज भरलाय, नाव लागलंय. फक्त आई किंवा वडील उद्या स्वतः येऊन हो म्हणाले पाहिजेत. उद्याची शेवटची तारीख. वनाला जिनिंगमधून सुटी मिळत नव्हती, म्हणजे सगळं कमलबाईवर आलं.

"माय, तो फोटो नही, व्हिडिओ शे," कामिनी काकुळतीने म्हणाली.

"तुले कोट घाला, हासाडं, आनि आते तुनी जागा दुसरीले जाई. मी नही येवाव."

कामिनी रडली, जेवली नाही. कमलबाईने तिची समजूत काढली नाही, कारण तिला स्वतःलाच रडू येत होतं. पोर हुशार होती. वर्षभर घरात बसून तिचा चेहरा कोमेजला होता, आणि पाहुणे स्थळं सुचवायला लागले होते. ही जागा गेली तर पुढच्या उन्हाळ्यात पोरीच्या हाताला मेंदी लागणार, हे आईला दिसत होतं. म्हणून सकाळी ती उठली आणि काही न बोलता शिरपूरच्या जीपमध्ये बसली. हो म्हणायला मुळीच नाही. भांडायला!

कचेरीत शिरताना तिने आधी भिंती बघितल्या. हसऱ्या माणसांचे फोटो होतेच. बसायला खुर्ची दिली तर तिला वाटलं, एवढं आगतस्वागत कशाला? पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. सुलक्षणा तिशीतली, चटपटीत मुलगी. तिला वाटलं, मुलीचं कौतुक करायला आई आलीय. तिने आनंदाने मोबाइल काढला आणि व्हिडिओ किती जणांनी बघितला ते सांगायला लागली.

"मनी आंडेरनं तोंड दखाडीसन तुम्ही कोनले फसाडी राहिनात?" कमलबाईने विचारलं. माझ्या पोरीचं तोंड दाखवून कुणाला फसवताय, असा सरळ सवाल.

सुलक्षणाचा चेहरा उतरला. आपण एवढं जीव ओतून काम करतो आणि ही बाई आपल्याला लबाड म्हणते, असं तिच्या मनात आलंच. आवाज जरा चढवूनच ती म्हणाली की यात फसवणूक काही नाही, ही सरकारची माहिती आहे. तेव्हा कमलबाईने मशीनची हकिगत सांगितली. रडून नाही, सरळ सांगितली, जशी बाजारात कुणी वजन मारलं ते सांगावं तशी. सुलक्षणा ऐकत गेली आणि तिचा चढलेला आवाज आपोआप खाली आला.

"अक्का," ती म्हणाली, "तो फोटो तुमच्याकडून घेतला होता, वरच्यांना दाखवायला. हा व्हिडिओ मी तुमच्यासाठी केला, पोरांना दाखवायला. दोन्हींत फरक आहे."

"दखावाले तं सारखाच दखास," कमलबाई म्हणाली.

आणि मंडळी, खरंच तो सारखाच दिसत होता! सुलक्षणाने आपला व्हिडिओ पुन्हा लावला आणि पहिल्यांदा कमलबाईच्या डोळ्यांनी बघितला. कोट, गाणं, हसू, फुकट, लवकर या. लोकांना गंडवणारे व्हिडिओ याहून वेगळे काय असतात? पोरांना आवडावं म्हणून सगळं चकचकीत केलं, पण त्यांच्या घरच्यांना जे विचारायचं होतं त्यातलं अक्षरही त्यात नव्हतं.

"तुम्हाला काय काय विचारायचंय ते विचारा," सुलक्षणा म्हणाली. "मी उत्तरं देते. सगळं रेकॉर्ड करू, म्हणजे बाकीच्या आयांनाही कळेल." आणि तिने सवयीने मोबाइल कमलबाईपुढे धरला.

कमलबाई खुर्चीसकट मागे सरली. पदर तोंडावर घेतला. सुलक्षणाने ओशाळून हात खाली केला. ती माफी मागणार तोच पदराआडून आवाज आला.

"मनाकडे नको. तुनाकडे कर. मी काढस तुना फोटो."

सुलक्षणाने मोबाइल कमलबाईच्या हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभी राहिली. शेकडो पोरांना कॅमेऱ्यापुढे धीट करणारी ती मुलगी स्वतः उभी राहिल्यावर घामेजली. आपलं नाव, आपला चेहरा, आपला शब्द, सगळं आता या बाईच्या हातात जाणार, हे तिला जाणवलं. इतकी वर्षं लोकांना काय वाटत असेल तेही तेव्हाच जाणवलं.

कमलबाईने चौकशीला सुरुवात केली. पोरी राहतात तिथे दाराला आतून कडी आहे का? आजारी पडली तर घरी कोण कळवणार? मध्येच सोडून आली तर दंड करणार का? जागा भरली म्हणून कुणी सांगितलं तर कुणाला विचारायचं, त्याचं नाव सांग, नुसतं 'कचेरी' म्हणू नको. एका प्रश्नाला सुलक्षणा अडली. तिने तिथेच धुळ्याला फोन लावून विचारलं आणि तेही रेकॉर्ड झालं. शेवटी कमलबाईने विचारलं की कामिनीचं हसणं दाखवून तिला जागा मिळाली असं कुणी लिहिणार नाही आणि जागा दुसरीला देणार नाही कशावरून?

"कामिनीची जागा कामिनी स्वतः तिथे हजर होईपर्यंत भरली असं कुणीही लिहू शकत नाही. लिहिलं, तर हा व्हिडिओ घेऊन माझ्याकडे या. मी सुलक्षणा, हे मी बोलते आहे."

कमलबाईने बटण दाबलं. मोबाइल परत देताना ती पहिल्यांदा हसली.

"आते तुना फोटो व्हयी गया, बाई."

मग तिने पाणी मागून घेतलं आणि कामिनीसाठी हो म्हणून अंगठा न देता आपली पुरी सही केली.

सुलक्षणाच्या वरिष्ठांना तो व्हिडिओ आवडला नाही. यात आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं, म्हणाले. संशय आहेच, सुलक्षणाने सांगितलं, आपण फक्त तो ऐकत नव्हतो. भरपूर वाद झाला आणि अखेर व्हिडिओ लोकांपर्यंत गेला. त्यात गाणं नव्हतं, कोट नव्हता. कडक अहिराणी आवाजात एक न दिसणारी बाई विचारतेय आणि कचेरीतली मुलगी घाम पुसत उत्तर देतेय, एवढंच. पोरांना त्याची भारी मजा वाटली. त्यांनी तो एकमेकांना पाठवला, घरी लावला, आयांना ऐकवला, आणि आयांनी पुन्हा लावायला सांगितला.

कामिनीला पोहोचवायला कमलबाई धुळ्याला गेली तेव्हाही तिचा संशय काही गावी राहिला नव्हता. तिने खोलीच्या दाराची कडी स्वतः लावून बघितली, नळ सोडून बघितला, स्वयंपाकघरात डोकावून डाळ किती पातळ आहे ते बघितलं. मग बाहेर येऊन तिने तिथल्या बाईंना खणखणीत आवाजात विचारलं, की पोरींना फोन करायला कधी देतात?

रांगेत मागे नशिराबादहून आलेला जहांगीर नावाचा रंगारी आपल्या मुलीला, सदफला घेऊन उभा होता. आवाज ऐकून तो पुढे आला आणि जरा चाचरत म्हणाला, "अक्का, मोबाइलमध्ये विचारणारी बाई तुम्हीच का? घरात कुणी पाठवायला तयार नव्हतं हिला. मीच नाही म्हणत होतो. पण तुम्ही सगळं माझ्याच मनातलं विचारलंत."

कमलबाईने सदफकडे बघितलं, कामिनीकडे बघितलं. दोन्ही पोरी एकमेकींना नाव विचारत होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने कुणाला दिसू नये म्हणून लपवलंही नाही.

तरुणांना चित्रातून माहिती द्या, जरूर द्या. काचेच्या पेटीतला कागद त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. पण चित्र सुंदर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. ज्यांना एकदा हसवून फसवलंय, त्यांच्या प्रश्नांना त्या चित्रात जागा द्या, आणि उत्तर देणाऱ्याने आधी आपला चेहरा पुढे करावा. लोकांच्या संशयाला नावं ठेवणं सोपं असतं. त्याचं उत्तर देणं हेच खरं सरकारी काम आहे, आणि ते मागणं हे तुमचंआमचं काम आहे.